‘लग्न’ या एका रकान्यात काय काय कोंबलंय

प्रश्न थोडक्यात असा: समाजशास्त्रात पीएचडीला नाव नोंदवलेल्या एका विद्यार्थिनीने ‘स्थलांतर, लिंगभाव आणि समावेशन’ हा विषय घेतला आहे. मराठवाड्यातून पुण्यात येऊन घरकाम करणाऱ्या बायकांवर तिला काम करायचं आहे. गाईडचं म्हणणं असं की आधी जनगणना बघ. भारतात बायका स्थलांतर करतात ते लग्नामुळे, कामासाठी जातात ते पुरुष, तेव्हा लिंगभावावर एक प्रकरण घाल म्हणजे झालं. शिवाय ‘इंटिग्रेशन’ला मराठीत काय म्हणायचं आणि ते तपासायचं कसं, हेही तिला कळत नाहीये. सुरुवात कुठून करू, असं ती विचारते.

तुमच्या गाईडनी दिलेला आकडा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. का पटत नाही, ते माझ्यापासूनच सांगते.

माझं लग्न २००० सालच्या मे महिन्यात झालं आणि जूनमध्ये मी पुण्यात संशोधन सहायक म्हणून रुजू झाले. नोकरी आधी ठरली होती, लग्नाची तारीख नंतर. ‘मुलगा पुण्यातलाच बघा’ हा हट्ट माझा होता, कारण नोकरी पुण्यात होती. पुढच्या फेब्रुवारीत जनगणनेचे प्रगणक दारात आले तेव्हा मी कामावर होते. माहिती सासऱ्यांनी दिली. सूनबाई नांदेडहून इथे का आल्या? ‘लग्न.’ सासरे खोटं बोलले नव्हते. कुणी टोकलं असतं तर त्यांनी आश्चर्यानेच विचारलं असतं, ‘मग दुसरं काय कारण?’ स्थलांतराचा अभ्यास करणारी बाई स्वतःच्या अभ्यासविषयाच्या तक्त्यात चुकीच्या रकान्यात बसलेली आहे, आणि आजही मी तिथेच आहे.

आता आकडे. २०११ च्या जनगणनेत देशभरात ४५ कोटींहून जास्त लोक स्थलांतरित म्हणून मोजले गेले. त्यांतल्या साधारण ४६ टक्क्यांचं कारण लग्न, आणि या लग्नवाल्यांमध्ये ९७ टक्के बायका. २०२०-२१ च्या श्रमबल पाहणीत बायकांमध्ये स्थलांतरितांचं प्रमाण ४७.९ टक्के निघालं, पुरुषांमध्ये १०.७, आणि स्थलांतरित बायकांपैकी ८६.८ टक्क्यांचं कारण पुन्हा लग्नच. हे बघून कुणीही तुमच्या गाईडसारखंच बोलेल. बाईच जास्त हलते, ही गोष्ट नवी नाही. भूगोलतज्ज्ञ रॅव्हेनस्टाइनने १८८५ मध्ये ब्रिटनच्या जनगणनेवरून स्थलांतराचे ‘नियम’ मांडले, तेव्हाच जवळच्या अंतरावर बाया पुरुषांपेक्षा जास्त हलतात हे लिहून ठेवलं होतं. पुढची जवळजवळ शंभर वर्षं संशोधकांनी ते वाचलं आणि पान उलटलं. बाई हलते म्हणजे कुणाच्या तरी मागून जाते, असं धरूनच चाललं.

जनगणनेचा तो रकाना भरतात कसा, ते बघा. यादी ठरलेली असते: काम किंवा नोकरी, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलवलं, कुटुंबासोबत आले, इतर. यांतलं एकच निवडायचं. अंबाजोगाईकडची एक मुलगी घ्या. सोयरिकीच्या बैठकीतच बोलणं होतं, ‘पोरगा पुण्याला रंगकामावर आहे, त्याची आई चार घरची कामं करते, पोरगीबी धरील दोन.’ हळद उतरायच्या आत सासू तिला बरोबर नेते, दोन घरची भांडी तिच्या हाती देते आणि स्वतःची पाठ जरा मोकळी करते. ही मुलगी लग्नासाठी आली की कामासाठी? तिला विचाराल तर ती हसेल. तिच्या दृष्टीने हे दोन प्रश्नच नाहीत. रकाना मात्र एकच आहे, आणि त्यात ‘लग्न’ लिहिलं की पुढचं काम गुप्त होतं.

दिल्लीच्या महिला विकास अध्ययन केंद्रातल्या इंद्राणी मजुमदार, नीता एन. आणि इंदू अग्निहोत्री यांनी नेमकं हेच धरून देशभर मोठी पाहणी केली आणि २०१३ मध्ये तिचा मुख्य युक्तिवाद मांडला: सरकारी व्याख्या आणि एक-कारण-पद्धत यांमुळे बायकांचं श्रमिक स्थलांतर कमी मोजलं जातं. तुमचं पहिलं वाचन ते असू द्या, आणि गाईडच्या टेबलावरही एक प्रत ठेवा. (गाईडशी वाद घालण्यापेक्षा हा मार्ग बरा. अनुभवाने सांगते.)

पण लग्न आणि काम यांची गाठ खरी कळते ती उसाच्या फडात. तुमच्या विषयाला हे लागू आहे, कारण पुण्यातल्या बऱ्याच घरकामगार बायकांच्या मागच्या आयुष्यात कुठे ना कुठे कोयता आहे. स्वतःचा नसला तर आईचा.

ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे हत्यारही आणि नवरा-बायकोची जोडीही. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला, हिशेब ठेवतो तो जोडीचा. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात आणि उचलही अर्धी मिळते. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर लग्नं उरकतात, पोरीचं वय भरायच्या आतसुद्धा. उचल घेतो पुरुष, अंगठा किंवा सही त्याची. बाई पहाटे उठून भाकरी थापते, फडात उतरते, नवरा तोडतो तो ऊस साळते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवते. पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की हिशेब होतो. त्यात तिचं नाव कुठेच नसतं. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेले चार पैसे तेवढे कधी तिच्या कनवटीला राहतात. इथे लग्न हाच मजुरीचा करार आहे. हे कुटुंब ‘लग्नामुळे’ हललं की ‘कामामुळे’, याचं उत्तर कुठलाही रकाना देणार नाही.

शिवाय ही माणसं जनगणनेच्या स्थलांतरात नीट पकडलीच जात नाहीत. घर गावातच राहतं, परत यायचंच असतं. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८ मध्ये ‘अल्पकालीन स्थलांतरित’ अशी वेगळी व्याख्या केली: गेल्या वर्षभरात कामासाठी एक महिना किंवा त्याहून जास्त पण सहा महिन्यांहून कमी काळ बाहेर राहिलेला. चांगलं ऊसमान असलेल्या वर्षी दिवाळीत निघालेली टोळी एप्रिल-मेपर्यंत फडात असते. सहा महिने ओलांडले की ते कुटुंब त्या व्याख्येतूनही निसटतं. पाऊस चांगला झाला म्हणून आकड्यातून माणूस गायब, असा हा हिशेब.

आता माझी चूक सांगते, कारण तीच चूक तुम्ही कराल अशी मला भीती आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या तळावर प्रश्नावली घेऊन गेले होते. चौसष्ट प्रश्न. उचल किती, दर किती, टन किती, कर्ज किती. आरोग्यावर एक प्रश्न: ‘गेल्या महिन्यात घरात कुणी आजारी होतं का?’ कोपीच्या, म्हणजे तळावरच्या झोपडीच्या, दाराशी नवरा बसलेला, मागे मुकादमाचा पोऱ्या उभा. नवरा म्हणाला, ‘नाही.’ बाई चुलीपुढे पाठमोरी बसली होती. मी ‘नाही’ लिहिलं आणि पुढच्या कोपीकडे वळले. निघताना तीच बाई बांधापर्यंत सोबत आली आणि म्हणाली, ‘ताई, पिशवी काढली की कंबर अशीच ऱ्हाती का हो?’ मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. प्रश्नावलीत ते लिहायला जागा नव्हती, म्हणून मी लिहिलंही नाही.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ८२ हजारांहून जास्त बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीच्या त्रासाने एक दिवस बसलं तर खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात, फडावर संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, खाजगी दवाखान्यात ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ असं घाबरवलं जातं. हे सगळं धागेदोरे जोडून पुढे आलं. हा विषय पुढे आणला तो महिला संघटनांनी, आरोग्य कार्यकर्त्यांनी आणि पत्रकारांनी. कोयत्यावर दशकानुदशकं लिहिणाऱ्या आम्हा स्थलांतर-अभ्यासकांनी नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण गुजरातेत, बारडोलीच्या कारखान्यांवर खानदेशातून जाणाऱ्या तोडकऱ्यांचं जे चित्र रेखाटलं, ते मजूर, मुकादम आणि सहकारी भांडवल यांच्या नात्याबद्दल आजही वाचण्यासारखं आहे. त्या परंपरेत आम्ही वाढलो. शोषण मोजायला शिकलो, पण ते टनावर मोजायला शिकलो.

म्हणून ‘लिंगभावाचं एक प्रकरण’ या कल्पनेला माझा विरोध आहे. एक प्रकरण म्हणजे बाकीची सहा प्रकरणं बाईशिवाय लिहायची परवानगी. लिंगभाव म्हणजे फक्त बायका, असंही नाही. उलटं उदाहरण देते. कोकणातून, घाटावरून गिरणगावात आलेले लाखो पुरुष दहा-बारा जण एका खोलीत राहायचे. हे ‘एकट्या पुरुषांचं स्थलांतर’ म्हणून शिकवलं जातं. पण ते जेवायचे कुठे? खानावळीत. खानावळ चालवायच्या बायका, त्यांतल्या कित्येक विधवा, टाकलेल्या, किंवा नवऱ्याची गिरणी बंद पडलेल्या. सावकाराकडून धान्याला कर्ज काढून त्या पाळीप्रमाणे डबे द्यायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. आणि गावाकडे राहिलेल्या बाईने शेत, म्हातारी माणसं आणि मनीऑर्डरीची वाट, तिन्ही सांभाळलं. हेमलता दांडेकर यांनी सातारकडच्या एका गावाचा १९४२ ते १९८२ असा चाळीस वर्षांचा पट १९८६ मध्ये मांडला, तो पुरुष मुंबईत आणि बाया घरी याच विभागणीवर. म्हणजे एकटा पुरुष हलला तरी त्याच्या दोन्ही टोकांना बाईचं काम होतं. तुमच्या अभ्यासात नवरे, दीर, मुकादम, वॉचमन यांच्याही मुलाखती हव्यात. बाईबद्दल माहिती म्हणून नव्हे, पुरुष म्हणून त्यांचं काय झालं ते कळायला. बायको मिळवती झाली आणि स्वतः नाक्यावर उभं राहून काम मिळेना, अशा माणसाचं पुण्यात काय होतं, हा स्थलांतराचाच प्रश्न आहे.

आता ‘इंटिग्रेशन’. मराठीत एकात्मीकरण, समावेशन, सामीलीकरण असे शब्द आहेत. प्रबंधात ‘समावेशन’ वापरा, विद्यापीठ अडवणार नाही. पण विचार करताना एक जुना शब्द जवळ ठेवा: नांदणं.

पोरगी नांदायला जाते. ती नांदते का, असं माहेरचे विचारतात. ‘नांदत नाही’ म्हटलं की दोष तिचा. हे क्रियापद आपण एकट्या जावयासाठी किंवा सासरच्या घरासाठी कधी वापरत नाही. सासू सुनेबरोबर नीट नांदते का, असं कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. नवीन घरात जाणं आणि तिथे जुळवून घेणं, दोन्ही एकाच शब्दात, आणि जबाबदारी पूर्णपणे आलेल्या माणसावर. युरोपातल्या विद्यापीठांत गेली वीस-पंचवीस वर्षं इंटिग्रेशनवर जो वाद चाललाय तो हाच आहे. सरकारं विचारतात: आलेल्यांनी भाषा शिकली का, कामाला लागले का, त्यांच्या बायका घराबाहेर पडतात का? नेदरलँड्सचे समाजशास्त्रज्ञ विलेम शिंकेल यांनी २०१८ मध्ये या संकल्पनेलाच विरोध केला. त्यांचं म्हणणं, असं मोजमाप फक्त परक्या ठरवलेल्या लोकांचं होतं; मूळचे रहिवासी आपोआप ‘समाज’ ठरतात आणि त्यांना कुणी तपासत नाही. स्वित्झर्लंडच्या यानिन दाहिंडेन यांनी २०१६ मध्ये संशोधकांनाच विचारलं की माणसाला आधी ‘स्थलांतरित’ ठरवून मगच अभ्यास सुरू करायची ही सवय आपण का सोडत नाही. हे सगळं वाचताना मला दर वेळी वाटतं, आपल्याकडच्या कुठल्याही सुनेला हे दोन वाक्यांत कळलं असतं.

तिकडचे निकष उचलून इथे लावू नका. पुण्यात मराठवाड्याची बाई मराठीच बोलते, तिला नागरिकत्वाची परीक्षा नाही. तरी तिच्या ‘करायलंय’, ‘व्हायलंय’ला सोसायटीत हसतात, आणि ‘गावाकडचं बोलू नको’ असं तिची पोरगीच तिला शाळेच्या दारात सांगते. भाषेची भिंत एकाच भाषेत कशी असते, हे लिहायला तुम्हाला चांगली संधी आहे.

पण मुख्य भिंत कागदांची. इथे जरा थांबते, कारण बहुतेक प्रबंध हा भाग ‘शासकीय योजनांचा लाभ’ अशा एका तक्त्यात उरकतात.

लग्न झालं की माहेरच्या रेशनकार्डातून नाव कमी करायचं, तसा दाखला आणायचा, मग सासरच्या कार्डात चढवायचं. सासरचं कार्ड गावात, संसार पुण्यात. एक देश एक रेशनकार्डमुळे २०२२ पासून देशात कुठल्याही राज्यात धान्य उचलता येतं, पण त्यासाठी मुळात कार्डात नाव हवं. मी भेटलेल्या कित्येक जणींचं नाव दोन्हीकडे नव्हतं: इथून कमी झालं, तिथे चढलंच नाही. मग जातीचा दाखला. तो बापाकडून येतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा रहिवास दाखवावा लागतो. म्हणजे पुण्यात वीस वर्षं धुणं-भांडी केलेल्या बाईला स्वतःच्या दाखल्यासाठी माहेरच्या आजोबांचा कागद लागतो. भावाशी बोलणं बंद असेल, वाटणीवरून बिनसलं असेल, तर दाखला विसरा. ‘माहेर तुटलं’ या शब्दांचा असाही एक अर्थ आहे, आणि तो कुठल्याही निर्देशांकात मावत नाही.

२०२४ च्या लाडकी बहीण योजनेत हे फार स्पष्ट दिसलं. महाराष्ट्राचा रहिवास सिद्ध करायचा होता. परराज्यात जन्मलेल्या बाईचं काय, असा प्रश्न आला तेव्हा उत्तर मिळालं की तिचा विवाह महाराष्ट्रात अधिवास असलेल्या पुरुषाशी झाला असेल तर नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालेल. हजारोंची सोय झाली, हे खरं. पण नीट बघा: बाई राज्यात सामील होते ती नवऱ्याच्या दाखल्यावर. तो सोडून गेला तर?

हे फक्त गरिबांचं नाही. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या आपल्या पोरांच्या बायका एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर जातात. इंजिनिअर असली तरी २०१५ च्या मे महिन्यापर्यंत तिला कामाची परवानगीच नव्हती. त्यानंतर मिळाली तीही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यावर पोचलं असेल तरच. कोथरूडची इंजिनिअर आणि केजची कोयतेवाली यांना एका पारड्यात घालू नका, अंतर प्रचंड आहे. पण बाईचं स्थलांतर कागदावर ‘अवलंबित’ म्हणून घडवलं जातं, ही रीत दोन्हीकडे सारखी. तसंच हरियाणातल्या ‘मोलकी’, म्हणजे विकत आणलेल्या, म्हणवल्या जाणाऱ्या सुनांचं, ज्यांत महाराष्ट्रातून गेलेल्या मुलीही आहेत. रविंदर कौर यांनी २००४ पासून या परप्रांतीय लग्नांवर जे लिहिलं, त्यात भाषा, जेवण, जात, परतीचा तुटलेला रस्ता हे सगळं येतं. नांदणं म्हणजे काय, त्याचा सगळ्यात कठोर नमुना तिथे आहे.

आणि सामील होणं दर वेळी वरूनच होतं असंही नाही. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी आपण होऊन संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायकांची पंचायत १९९३ ची. तिच्यातल्या कित्येक जणींची घरं बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून आलेली. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा. या शहरात त्यांना जागा दिली गेली की त्यांनी घेतली, हे तपासायचं असेल तर संघटनांची जुनी पत्रकं आणि सभांच्या नोंदवह्या बघा. मुलाखतीत ‘तुम्हाला इथलं वाटतं का?’ असं विचारून ते कळणार नाही. त्याला सगळ्या जणी ‘हो’ म्हणतात. पाहुण्यासमोर कोण ‘नाही’ म्हणेल?

विचारायचं कसं, ते आता पटापट सांगते.

‘का आलात?’ हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी ‘आल्यावर पहिल्या दहा दिवसांत काय काय केलंत?’ विचारा. पहिलं काम कुणी लावून दिलं: सासू, जाऊ, गाववाली, की सोसायटीचा वॉचमन? पहिल्या महिन्याचे पैसे कुणाच्या हातात दिले? त्यातून स्वतःसाठी पहिली वस्तू कोणती घेतली? या चार प्रश्नांना मला जेवढं मिळालं तेवढं त्या चौसष्टांना मिळालं नव्हतं.

सालं विचारू नका, घटना विचारा. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात? नोटा बंद झाल्या तेव्हा मोठी कितवीत होती? लॉकडाऊनमध्ये गावाला गेलात की इथेच अडकलात? लातूर-धाराशिवच्या बाईचं अर्धं आयुष्य ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ असं विभागलेलं असतं. ३० सप्टेंबर १९९३ ही तारीख तिला पाठ नसेल, पण त्या गणपतीत पोटात कोण होतं हे पाठ असतं.

वेळ दुपारची, साधारण दोन ते चार. सकाळची कामं आटोपलेली असतात, संध्याकाळची सुरू व्हायची असतात. जागा तिच्या घरात नको, तिथे सासू असते. तुमच्या सोसायटीत तर मुळीच नको. आणि तुमच्याकडे ज्या मावशी कामाला येतात त्यांची मुलाखत घेऊ नका. त्या नाही म्हणू शकणार नाहीत. संमतिपत्रावर अंगठा उठेल, संमती मिळणार नाही. तुम्ही आधी मॅडम आहात, संशोधक नंतर; हे विसरून लिहिलेली पद्धतिशास्त्राची प्रकरणं मी परीक्षक म्हणून कितीतरी वाचली आहेत, आणि खरं सांगायचं तर कंटाळले आहे.

शब्दांकडे कान ठेवा. एकच उदाहरण. वारज्याच्या बाजूला एका बाईशी बोलत होते. ती म्हणाली, ‘मॅडम महिन्याला दोन खाडे सोडतात, तिसऱ्याचे कापतात.’ मी विचारलं, हा शब्द इथे आल्यावर कळला का? ती म्हणाली, ‘छे, आमच्या आईच्या तोंडात असायचा. मुकादम म्हणायचा ना.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘पण फडात खाडा पडला की वरून दंड भरायचा. हितं नुसते कापतात.’ तिच्या दृष्टीने गाव सोडून पुण्याला येण्यातला फरक तेवढा होता: दंड आणि कपात. प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण या वाक्यावर उभं राहील. इंग्रजीत भाषांतर करताना दोन्ही ठिकाणी ‘ॲबसेंट’ लिहिलंत की ते मेलं.

जुन्या बायांचं स्थलांतर शोधायचं तर जात्यावरच्या ओव्या ऐका. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्या आता पारी या संकेतस्थळावर ऐकता येतात. मुंबईला गेलेला भाऊ, दूर दिलेली लेक, माहेरची वाट. ज्यांना कुठल्याही प्रगणकाने काही विचारलं नाही अशा बायांनी स्वतःच्या हलण्याबद्दल काय म्हटलं ते तिथे आहे. समाजशास्त्रवाले याला साहित्य म्हणतात आणि साहित्यवाले लोकवाङ्मय म्हणून कपाटात ठेवतात. तुम्ही ते पुरावा म्हणून वापरा.

आकडे लागतीलच, तर २०११ च्या जनगणनेचे स्थलांतराचे ‘डी’ तक्ते घ्या. ते २०१९ मध्ये हाती आले, आणि पुढची जनगणना २०२७ ची, म्हणजे तुमचा प्रबंध बहुधा जुन्याच आकड्यांवर उभा राहणार. हरकत नाही, फक्त ते आकडे कसे तयार झाले हे पहिल्याच प्रकरणात लिहा. केरळने काय केलं तेही बघा: तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राने १९९८ पासून राज्याची स्वतःची स्थलांतर पाहणी पुन्हा पुन्हा केली, म्हणून तिथल्या आखातात गेलेल्या नर्सबद्दल आणि मागे राहिलेल्या बायकांबद्दल बोलताना हवेत बोलावं लागत नाही. महाराष्ट्रात ऊसतोडीचा एवढा मोठा प्रवाह असून कामगारांची धड नोंद व्हायला इतकी वर्षं का लागली, हा प्रश्न तुमच्या प्रबंधाचा नाही. पण तोंडी परीक्षेत कुणीतरी विचारेल, तयारी ठेवा.

सुरुवात कुठून, असं विचारलंत. पुण्यातून नको. एक कागद घ्या आणि आपल्या घरातल्या बायका लिहा: आजी, आई, काकू, आत्या, मावश्या, वहिनी, तुम्ही स्वतः. कोण कुठून कुठे गेली, तिथे जाऊन काय काम केलं, पैशाचं आणि बिनपैशाचं, कुणाच्या कागदावर तिचं नाव होतं, माहेरचा रस्ता कधीपर्यंत चालू राहिला. मग समोर जनगणनेचा एकच शब्द लिहा. त्यानंतर दिवाळी झाली की केज, धारूर, वडवणी, कुठल्याही तालुक्यातल्या एका गावात आठवडाभर जाऊन राहा. ट्रॅक्टर भरून निघत असतात, कोणत्या घराला कुलूप लागतं आणि कोणत्या घरात म्हातारी आणि दोन नातवंडं उरतात ते बघा. त्यांतल्या एखाद्या घरातली सून पुण्यात असते. तिचा पत्ता म्हातारीकडूनच मिळेल, आणि म्हातारीने सांगून पाठवलेल्या माणसाला ती चहाला बसवेल.

प्रश्नावलीचा कच्चा खर्डा झाला की पाठवा, वाचून देते. त्यात पहिला प्रश्न ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’ असा दिसला, तर मात्र न वाचता परत येईल.